रिकामा दगड कसा ओळखावा

१७ जानेवारी

दादा,

वर 'तीर्थस्वरूप' लिहायला पेन टेकवलं होतं, पण गेल्या वर्षभरात तू तसा काही वागला नाहीस, म्हणून नुसतंच दादा. वहिनीला नमस्कार सांग. तिच्या गुडघ्यासाठी मी शिवून पाठवलेला पट्टा बसतो का ते विचार. सैल होत असेल तर आतल्या बाजूने एक टीप मारून दे. जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केलीस, तेव्हा टीप मारता येत नाही असं सोंग घेऊ नकोस.

आम्ही बरे आहोत. माझं मशीन मधेच टाके सोडतंय. इथला दुरुस्तीवाला आला, चारी बाजूंनी तेल पाजलं आणि गेला. आता मशीन टाकेही सोडतं आणि कपड्यांना डागही पाडतं. तू असतास तर दाराबाहेरूनच आवाज ऐकून सांगितलं असतंस काय ढिलं झालंय. समोरच्या इमारतीला रंग चाललाय, त्यामुळे खिडकी बंद ठेवावी लागते आणि दिवसा दिवा लावून काम करते. कॉलर उलटवायचे शर्ट आणि लांबी कमी करायच्या पँटी, एवढंच येतं हल्ली. नवीन कपडे कुणी शिवत नाही.

फोनच करणार होते. पण मी फोन केला की तू "घे, वहिनीशी बोल" म्हणून मोकळा होतोस. पत्र तरी तुला स्वतःला वाचावं लागेल.

आता कामाचं. हसायचं नाही. समुद्रावरच्या गोल दगडात खेकडा नाही, हे बाहेरून कसं ओळखायचं?

आहे हे ओळखायचं मला थोडंफार येतं. तू आणि हे कड्याखाली वाकून वाकून चालायचात आणि मी मागून पिशव्या धरून. दगड पावासारखा चपटा गोल असला, कडेला काळे चमकदार ठिपके ओळीने दिसले, की ते खेकड्याच्या पायांचे छेद, आणि आत लाखो वर्षांपासून तो दगड होऊन बसलेला. एवढं ऐकून ऐकून पाठ झालंय. मला त्याच्या उलटं हवंय. तू म्हणायचास की दहा गोल दगडांत जेमतेम एकात काही निघतं. ते बाकीचे नऊ मला न फोडता निवडता यायला हवेत. अगदी खात्रीचे रिकामे.

मला कशाला, म्हणशील. मीही आता तुमचा छंद लावून घेतलाय असं समज. म्हातारपणी काहीतरी नवीन शिकावं म्हणतात.

तुमचा दोघांचा दगड टबात तसाच आहे. दर रविवारी मी त्याचं पाणी बदलते. समुद्रातल्या दगडात मीठ राहिलं तर तो कधीतरी तडकतो, म्हणून गोड्या पाण्यात ठेवायचा, हे तुम्हीच शिकवलंत. इतक्या वर्षांत त्यात मीठ कुठलं उरलंय? पण सवय. परवा पाणी बदलताना नीट निरखून पाहिला. जेवायच्या ताटाएवढा, आणि दोन्ही नांग्यांची टोकं बाहेर आलेली, दोन्ही शाबूत. असा दुसरा कुणाकडे नाही म्हणायचात. वादळानंतरच्या त्या सकाळी तुम्हा दोघांचे हात एकाच वेळी त्याच्यावर पडले आणि कुणीच सोडेना. बसमध्येसुद्धा अर्धा तुझ्या मांडीवर, अर्धा यांच्या. मग ठरलं, दगड आमच्या घरी राहील, पण एकट्याने कुणी उघडायचा नाही. आधी छोट्या दगडांवर हात तयार होऊ दे म्हणालात. हात तयार झाला तेव्हा दोघांनाही चष्मे लागले होते. मग म्हणालात, चांगला दिवा आणू. दिवा आला आणि तू यायचा बंद झालास.

हे आजकाल रोज मागे लागतात, दगड उघडू या. मी म्हणते, मिस्त्री आल्याशिवाय नाही, असं तुमचंच ठरलंय. (तुला अजून मिस्त्रीच म्हणतात.) तेवढ्यापुरतं ऐकतात. पण किती दिवस ऐकतील, सांगता येत नाही. तुमचं काय बिनसलं ते मी विचारलेलं नाही. तू मागच्या खोलीतून बाहेर आलास, चपला घातल्यास आणि गेलास, एवढंच मी पाहिलं.

तर एकदा येऊन जा. येणं जमत नसेल तर रिकाम्या दगडांचं तेवढं लिही. लवकर.

तुझी पिशव्या धरणारी,
धाकटी


४ फेब्रुवारी

दादा,

पत्र मिळालं. चार पानं दगडांवर आणि एक ओळ माझ्यावर, अगदी तुझ्यासारखं. चित्रं मात्र छान काढलीस. कडेने सलग गोल रेघा दिसल्या तर बहुधा रिकामा, लांबुळका असला तर बहुधा रिकामा, एकाच बाजूला डाग असले तर ते खेकड्याचे नव्हेत. आणि खाली तुझी तळटीप, की शंभर टक्के खात्री दगड उघडल्याशिवाय कुणालाच नसते. पानं मी शिवणाच्या डब्यात ठेवली आहेत.

आता तुझी ती एक ओळ. 'रिकामे कशाला हवेत, खरं लिही.' लिहिते.

गेल्या उन्हाळ्यात हे मागच्या खोलीतून एक खेकडा घेऊन आले. तोंडावर, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी. म्हणाले, बघ कसली सफाई आलीय. मी पाहिलं तर खेकड्याच्या पाठीवरचे बारीक दाणे, ज्यांच्यासाठी तुम्ही भिंगाखाली महिनेन्‌महिने घालवता, ते एकूण एक तासले होते. गुळगुळीत साबणाच्या वडीसारखी पाठ. मला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. नंबर काढून आणला, चष्मा नवीन केला.

मग एके दिवशी कपाटाकडे लक्ष गेलं. काचेमागचे खेकडे कमी होत होते. हे पूर्ण झालेले खेकडे बाहेर काढून पुन्हा घासायला घेत होते, दादा. त्यांना वाटायचं, यांच्यावर अजून दगड राहिलाय, कामं अर्धवट सोडून दिलीत कुणीतरी. एकदा तर मला म्हणाले, या मिस्त्रीला काम पुरं करायची सवयच नाही. तो खेकडा यांनीच पाच वर्षांपूर्वी पुरा केलेला होता. दगड कुठे संपतो आणि खेकडा कुठे सुरू होतो, ते यांना आता दिसत नाही. डोळ्यांना दिसतं, पण कळत नाही.

ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवल्या, ज्याची कवळी हिरडीवर अशी बसायची की लोक रात्री काढून ठेवायला विसरायचे, त्याचा हात हा. हात अजून थरथरत नाही. आज्ञा केली तर तितकाच बारीक चालेल. आज्ञा करणारंच कुणी जागेवर नसतं.

मी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली हरवली म्हणून सांगितलं. तर दिवसभर घरात येरझारा घालायला लागले. जेवताना चमचा ताटाच्या कडेवर टकटक टकटक, दगड कोरायची ती हवेवर चालणारी सुई धरल्यासारखा. मला ते बघवेना. म्हणून दगड द्यायला लागले. घासू देत. पण त्यात खेकडा असला आणि त्याचं वाटोळं झालं, तर एखाद्या क्षणी लख्ख कळतं यांना, आणि मग फार त्रास होतो. हातातला दगड खाली ठेवून बसून राहतात. म्हणून रिकामे. रिकाम्याचं दुःख होतं, पण ते जुन्या सवयीचं. "निघाला नाही," म्हणतात, भुकटी झाडतात आणि दुसरा मागतात.

डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणलं. त्यांनी विचारलं, आज वार कोणता, साल कोणतं. हे ओशाळे झाले, मग म्हणाले, ते राहू द्या, आज ओहोटी दुपारी आहे, तुम्ही जाणार असाल तर जेवून निघा. घरी येऊन तक्ता पाहिला. ओहोटी दुपारीच होती. डॉक्टरीणबाईंनी या आजाराला एक नाव सांगितलं. ते मला अजून लिहवत नाही. औषध आहे, पण ते मागे नेत नाही, फक्त पुढे जाणं जरा हळू करतं.

मला भीती वाटते, दादा. रडणारी बाई मी नाही, तुला माहीत आहे. पण संध्याकाळी हे मला "बाई, तुमचं काम झालं असेल तर निघा तुम्ही, उशीर होतोय," म्हणाले, तेव्हा न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले होते.

आणि तू. तुला हे सगळ्यांच्या आधी कळलं होतं ना? आता विचार करते तेव्हा सगळं जुळतं. त्या दिवशी तू यांच्या हातातून सुई काढून घेतली असणार. म्हणालास, "आता पुरे, कवळीवाले, तुमचा हात चालत नाही." ते आणि हे तुझ्यावर ओरडले ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं, अर्थ तेव्हा लागला नव्हता. तुला दिसलं ते मला सांगायचं सोडून तू चपला घातल्यास. बरं, तू ज्याच्यावर रुसून बसलायस ना, त्याला भांडण झाल्याचंच आठवत नाही. रोज विचारतात, मिस्त्री का येत नाही, तब्येत बरी आहे ना त्याची. मी काय सांगायचं?

तुला हसू येईल असंही एक सांगते. रिकामे दगड शोधायला मी स्वतः बसने समुद्रावर जाते. जगात खेकडा नसलेले दगड हुडकणारी मी एकटीच असेन. ठिपकेवाला सापडला की उचलते, बघते आणि लांब पाण्यात टाकून देते. परवा एक तुमच्यासारखाच हातोडीवाला बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याला राहवेना. जवळ येऊन म्हणाला, मावशी, तुम्ही उलटं करताय, टाकला तोच घ्यायचा असतो. मी म्हटलं, नको, मला रिकामाच बरा. तो बिचारा माझ्याकडे बघत मागे मागे सरकत गेला.

हे अजून एक विचारतात, तुला आठवेल. दगडातला प्रत्येक खेकडा हातात घेऊन विचारायचे, हा इथे मेला की नुसतं कवच टाकून निघून गेला? कवच मागच्या बाजूने उकललेलं दिसलं की खूश व्हायचे. म्हणजे हा वाचला, पुढे कुठेतरी मोठा झाला. तू म्हणायचास, वाचून करणार काय, नंतर मेलाच असेल ना. त्यावरून तुमचं जुंपायचं. आता ते प्रश्न विचारतात आणि वाद घालायला समोर कुणी नसतं. माझ्याशी वाद घालण्यात त्यांना मजा येत नाही.

ये ना. दगडासाठी ये म्हण, पाहिजे तर.

धाकटी


२० फेब्रुवारी

दादा,

तू पाठवलेला टेम्पोवाला आला होता. चांगला माणूस होता, जिने चढून आला, चपला बाहेर काढल्या. त्याला चहा दिला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. त्याच्यावर रागावू नकोस.

तुझं पत्र वाचलं. संग्रहालयातल्या बाईंनी फोटो पाहिला, दोन्ही नांग्या शाबूत असलेला इतका मोठा नमुना त्यांनी पाहिलेला नाही, तू स्वतः हळूहळू उघडशील, पाटीवर दोघांचीही नावं लागतील. सगळं बरोबर आहे. माझी कशालाच हरकत नाही. पण तू लिहिलंस, 'तो दगड आता त्या घरात राहणं बरोबर नाही.' दगडाचं तुला बरोबर सुचलं. आणि त्या घरात माणूस राहिला तर चालतोय ना?

दगड नेणार असशील तर तू येऊन ने. यांच्यासमोर बस, यांच्याशी बोल आणि मग उचल. मेहुण्याला न भेटता त्याच्या घरातून अर्धा त्याचा असलेला दगड टेम्पोत घालून न्यायचा, हे मला पटत नाही. शिवाय हे सकाळी उठल्याबरोबर टबात डोकावतात. टब रिकामा दिसला तर घर डोक्यावर घेतील आणि मला जाब द्यावा लागेल.

काळजी करू नकोस. मी बाहेर जाते तेव्हा कॉम्प्रेसरची नळी काढून माझ्या पिशवीत घालून नेते. नळीशिवाय तुझी सुई चालत नाही, हे तूच ती बनवलीस तेव्हा सांगितलं होतंस. मी काही इतकी वेडी नाही.

मला तू हवा आहेस, तुझा माणूस नको.

धाकटी


१५ मार्च

दादा,

तुझे फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. हे शेजारी बसलेले असतात, आणि जे सांगायचंय ते यांच्यासमोर सांगता येत नाही.

समोरच्या इमारतीचा रंग झाला. फिकट पिवळा, बरा दिसतो. खिडकी उघडता येते आता. माझं मशीन मी स्वतःच उघडलं, तू पूर्वी करायचास तसं. खाली दोऱ्याचा गुंता बसला होता, तो काढला, आता चालतंय. वहिनीला थंडी मानवली नाही असं लिहिलं होतंस, बरी असेल आता.

असं किती वेळ लिहीत बसणार? सांगते.

तुमचा दगड गेला, दादा.

मंगळवारी मी समुद्रावर गेले होते. नळी पिशवीत घालून नेली होती. शेजारीण मधून मधून डोकावणार होती, आणि ती डोकावलीही, तिचा काही दोष नाही. ओहोटी चांगली होती, माझी पिशवी लवकर भरली. पुढची बस मिळाली असती. पण मी तिथेच एका खडकावर बसून राहिले. कुणी काही विचारत नव्हतं, कुणी मला ओळखतंय की नाही हे बघावं लागत नव्हतं. मला तिथे बरं वाटत होतं. म्हणून आणखी एक बस सोडली.

घरी जिना चढताना घर्रर्र असा आवाज आला. मला वाटलं, कुणाच्या तरी घरी मिक्सर चाललाय. दाराखालून पांढरी पूड बाहेर आलेली दिसली तेव्हा पिशवीत हात घालून नळी चाचपली. सुई बंद होती, नळी माझ्याजवळ. पण यांनी माळ्यावरून आपलं जुनं मशीन काढलं होतं, कवळ्या घासायचं, पायाने चालू करायचं. ते घरात आहे हे मी साफ विसरले होते. कालचं जेवण न आठवणाऱ्या माणसाला ते कुठल्या खोक्यात आहे हे आठवलं, वायर जोडता आली, चाक बसवता आलं.

मी शिवलेल्या वाळूच्या उशीवर दगड नीट मधोमध ठेवलेला. बसायची पद्धत, कोपर टेकवायची पद्धत, सगळं पूर्वीसारखं. डावी नांगी गेलेली. पाठ गेलेली, आतल्या पोकळीपर्यंत, आणि पोकळीत पांढरी भुकटी. उजवी नांगी मात्र अर्धी वर आली होती. काळी, चकचकीत, टोकावरचे दाते एकूण एक. इतकी सुंदर नांगी मी तुमच्या कपाटात कधी पाहिली नाही. पाठीमागची कड, जिथून कवच उकललंय की नाही ते कळतं, तीच सगळी घासली गेली. तो मेला होता की निघून गेला होता, ते आता कुणालाच कळणार नाही.

मी दारात उभी राहिले. मला पाहून यांनी पाय मशीनवरून काढला. मग ब्रशने भुकटी झाडली, सवयीने. आणि झाडता झाडता थांबले. माझ्या डोळ्यांदेखत त्यांना कळलं, दादा. वर्षभरात इतकं स्वच्छ त्यांना काही कळलं नसेल. नेमकं तेच कळावं?

"हा मिस्त्रीचा न् माझा," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो.

"मी एकट्याने उघडला."

त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांभोवती भुकटी नव्हती तेवढी गोल जागा स्वच्छ होती, आणि त्यातून पाणी खाली यायला लागलं. माझा हात धरला आणि अगदी हळू म्हणाले, "त्याला सांगू नकोस. मग तो येणार नाही."

मी कबूल केलं. नाही सांगत म्हटलं. मग दोघंही रडलो, तिथेच, त्या धुळीत. किती तरी महिन्यांनी आम्ही दोघांनी एकत्र एकाच गोष्टीसाठी काही केलं असेल तर ते हे.

त्यांचं तोंड धुतलं, शर्ट बदलला, चहा केला. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मिस्त्री कधी येतोय? टबातला दगड उघडायचाय आम्हाला." चेहरा अगदी हसरा. सगळं पुसलं गेलं होतं. माझं मात्र काहीच पुसलेलं नाही.

तू जे म्हणशील ते तुझ्याआधी मी म्हणते. टेम्पोवाल्याबरोबर दगड दिला असता तर आज तो शाबूत असता. माझ्या हट्टापायी गेला. तुला इथे आणायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तो धरून ठेवला. संग्रहालयातल्या बाईंना तू कळव. मला ते जमणार नाही. जे उरलंय ते कापडात गुंडाळून माझ्या शिवणाच्या खणात ठेवलंय. नांगी न्यावीशी वाटली तर ने.

आता शेवटचं काम सांगते. दगडाची लाच आता माझ्याकडे उरलेली नाही, म्हणून नुसतंच सांगते.

टबात मी दुसरा दगड ठेवलाय. दुसऱ्याच दिवशी जाऊन आणला, जवळजवळ तेवढाच. बसमध्ये चढवताना कंडक्टरने हात दिला. तुझ्या चार पानांतली प्रत्येक खूण लावून पाहिली आहे. कडेने सलग रेघा, ठिपका एकही नाही. त्यात काही नाही. हे सकाळी टबात डोकावतात आणि निश्चिंत होतात. हाच तो, असं त्यांना वाटतं.

तू आलास की तुला हाताला धरून तिथे नेतील. तुला पहिल्या नजरेतच कळेल. तरी तुला चष्मा लावून वाकून बघावं लागेल. तुला म्हणावं लागेल की हो, हाच, नांग्या चांगल्या दिसतात. मग मागच्या खोलीत दिवा लावून बसायचं, एकाने उशीवर दगड धरायचा आणि एकाने सुई चालवायची, आणि डोळे दमले की अदलाबदल, तुमची रीत होती तशी. नळी मी जोडून देईन. या वेळी त्यांचा हात घसरला तरी तू सुई काढून घ्यायची नाहीस. बिघडण्यासारखं त्यात काही नाही. किती दिवस लागतील तेवढे लागू देत. तुला इतक्या वर्षांचं काम येतं, इतकी बारीक नजर आहे, ती सगळी तुला एका रिकाम्या दगडावर खर्च करावी लागेल, आणि कुणी पाटी लावणार नाही. हे मी फार मागतेय, मला माहीत आहे. खेकड्याचं सुतक पाळायला येणार असशील तर मात्र येऊ नकोस.

शेवटी दगड संपेल तेव्हा ते म्हणतील, निघाला नाही. तू शेजारी असलास तर तेवढं त्यांना सोसेल. मी एकटी शेजारी असते तेव्हा त्यांना ते सोसत नाही, आणि मलाही.

तुला सांगणार नाही असं मी त्यांना कबूल केलंय. तेव्हा हे पत्र फाडून टाक. मी तुला काही लिहिलेलं नाही, तुला काही माहीत नाही, आणि तू आपणहून आला आहेस.

दोघंही तुझी वाट पाहतोय,
धाकटी